सायकलारोहण आणि पायउतार

सायकल या वाहनावर सरकारची नजर पहिल्यापासूनच मोठी बारीक राहिलेली आहे. मुंबई इलाख्याच्या अमदानीत नगरपालिकेचा बिल्ला हँडलखाली नसला म्हणजे पट्टी वसूल करणारा कारकून अडवी, रात्री दिवा नसला म्हणजे नाक्यावरचा शिपाई अडवी, आणि मागे कॅरिअरवर दुसरा इसम बसवून डबल सीट जाण्याचे धाडस केले म्हणजे प्रकरण प्रसंगी फौजदारापर्यंत जाई; घंटी वाजलीच पाहिजे, ब्रेक लागलाच पाहिजे, रस्त्याची डावी बाजू सोडता कामा नये, असा या गरीब दुचाकीभोवती कायद्याचा चहूबाजूंनी पक्का बंदोबस्त होता. असे असूनही मनुष्याने सायकलवर चढावे कसे आणि तीवरून उतरावे कसे, याविषयी एक अवाक्षर मला कोणत्या नियमात, पोटनियमात वा परिपत्रकात आढळलेले नाही. राज्यकर्त्यांच्या हातून राहून गेलेल्या ज्या थोड्या उपकारक गोष्टी असतील त्यांत मी हिची गणना करतो. कारण एकदा सीटवर बसून पायडले फिरू लागली की मामलेदार आणि मामलेदाराचा पट्टेवाला यांच्यात पाहणाऱ्याला काडीचा भेद दिसत नाही. दोघांचेही गुडघे आळीपाळीने वर येतात, दोघांच्याही पाठीला घाम येतो, आणि तोल सांभाळण्याचे नियम दोघांनाही सारखेच लागू असतात. स्वभाव प्रकट व्हायला अवसर मिळतो तो फक्त आरंभी आणि अंती. म्हणून एखाद्याशी व्यवहार करण्यापूर्वी, सोयरीक जुळवण्यापूर्वी किंवा त्याला जामीन राहण्यापूर्वी त्याची जन्मपत्रिका खुशाल पाहावी, पण त्याआधी त्याला सायकलवर चढताना एकदा पाहून घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

या विषयाच्या अभ्यासाला सुरत जिल्ह्यातल्या आमच्या बारडोलीइतके सोयीचे गाव क्वचितच असेल. सायकलींचे शहर म्हणून पुण्याचा एके काळी लौकिक होता हे खरे. परंतु तेथे चढउतार आहेत, आणि उताराच्या तोंडाशी सायकल धरून मनुष्य नुसता सीटवर टेकला तरी बाकीचे काम उतारच करून टाकतो, तेव्हा त्यात त्या मनुष्याचे कर्तृत्व किती आणि भूगोलाचे किती, हे ठरवणे अवघड जाते. बारडोलीची जमीन काळी, कसदार आणि सपाट. मींढोळा नदीच्या पुलाशी काय थोडी चढण लागेल तेवढीच. एरवी आरंभीची गती ज्याची त्याला स्वतःच्या पायांतून काढावी लागते. शिवाय या एकाच गावात पाटीदार आहेत, अनाविल आहेत, पारशी आहेत, हळपती आणि चौधरी आहेत. आणि सुरतेहून बारडोली, मढी करीत अमळनेरला जाणारी ताप्ती व्हॅली रेल्वे १९०० च्या सुमारास सुरू झाल्यापासून त्या रुळांवरून खानदेशाकडची माणसेही इकडे पोटापाण्यासाठी येत राहिली आहेत. १ मे १९६० पर्यंत हा मुलूख आणि आम्ही एकाच मुंबई सरकारचे सारादाते होतो. पुढे राज्ये निराळी झाली, पण जी मराठी कुटुंबे इकडे राहिली ती राहिलीच, आणि आमचे कुटुंब त्यांतलेच एक.

अभ्यासकाने उभे राहावे ते रेल्वेच्या फाटकाशी. फाटक पडले की पाच-पन्नास सायकलस्वारांना इच्छा असो वा नसो, उतरावे लागते. आणि लांबलचक मालगाडी एकदाची निघून गेली की त्या सर्वांना एकाच क्षणी चढावे लागते. एवढी सामग्री एवढ्या थोड्या वेळात दुसऱ्या कोठेही हाती लागत नाही. फाटकाचा आडवा खांब अर्धा वर गेला न गेला तोच वाकून पलीकडे निघणारे उतावळे, खांब पूर्ण उभा राहून थरथरायचा थांबेपर्यंत वाट पाहणारे कायदेपंडित, आणि सगळी गर्दी पांगल्यावर मोकळ्या मैदानात आरोहण करू इच्छिणारे संकोची गृहस्थ, असे तीन वर्ग नुसत्या डोळ्यांनी निराळे काढता येतात.

चढण्याचा शास्त्रशुद्ध प्रकार म्हणजे टांग मारणे. दोन्ही हातांनी हँडल धरावे, डावा पाय डाव्या पायडलवर ठेवावा, उजव्या पायाने जमीन मागे रेटीत दोन-तीन लंगड्या घालाव्यात, आणि सायकलीने किंचित गती घेतली की तोच उजवा पाय मागच्या बाजूने, कॅरिअरवरून, अर्धवर्तुळाकार फिरवून सीटवर स्थानापन्न व्हावे. हे सारे डावीकडूनच का, अशी शंका आजवर मी कोणालाही घेताना पाहिलेले नाही, इतके ते आपल्या अंगवळणी पडलेले आहे. पण कारणे आहेत. सायकलची चेन उजवीकडे असते, आणि त्या बाजूने चढणाऱ्याच्या लेंग्याला वा धोतराला तिने आपली काळी मुद्रा उमटवल्याशिवाय सोडले नसते. शिवाय आपण रस्त्याच्या डाव्या कडेने जाणार, तेव्हा चढणारा मनुष्य कडेच्या बाजूला उभा असलेला बरा. जाणते लोक याच्याही मागे जातात आणि सांगतात की ही चाल घोडेस्वाराची: त्याची तलवार डाव्या कमरेला लोंबत असे, म्हणून त्याला डावीकडूनच रिकिबीत पाय घालणे भाग होते. तलवार गेली, घोडा गेला, आणि भाजीची पिशवी हँडलला लटकवून निघालेला पेन्शनर मात्र अजून डावीकडूनच टांग मारतो आहे.

धोतराचा काळ होता तेव्हा या विधीला संकल्पाचे एक स्वतंत्र अंग असे. सोगा उचलून कमरेला खोचायचा, टोपी घट्ट बसवायची, मागे वळून रस्ता निर्वेध असल्याची खात्री करून घ्यायची आणि मगच पहिली लंगडी घालायची. स्वराज आश्रमाकडून येणारे जुने खादीधारी कार्यकर्ते हा विधी इतक्या गांभीर्याने करीत की सायकलवर बसण्यापूर्वी त्यांनी कार्यकारिणीचा ठराव घेतला असावा असे वाटे; आणि जाड खादीचे ते धोतर एकदा का सीटच्या टोकात अडकले की अहिंसेचीही कसोटी लागे. पुढे पाटलोणी आल्या, त्यांच्याबरोबर घोट्याजवळ लावायच्या पोलादी क्लिपा आल्या, आणि कचेरीत पोचल्यावरही त्या काढायला विसरून दिवसभर साहेबासमोर एका पायाची पाटलोण आवळलेली ठेवून वावरणारे लोकही आले.

लंगड्यांच्या संख्येवरून माणसाची पारख होते. एकाच लंगडीत सीटवर जाणारा मनुष्य बहुधा उधारी करतो. दोन-तीन लंगड्या घालणारे मध्यममार्गी. त्यांच्याविषयी लिहिण्याजोगे काही नसते आणि त्यांचे संसार सुखाचे असतात. पण काहींना गती पुरेशी झाली असे कधी वाटतच नाही. आमच्या परिचयाचे एक निवृत्त अव्वल कारकून होते. डावा पाय पायडलवर ठेवून ते उजव्या पायाने रस्ता रेटीत जे निघत ते चिखलातून वाट काढणाऱ्या बगळ्याच्या ऐटीत पोस्टाच्या कोपऱ्यापर्यंत तसेच जात, आणि आता हे टांग मारणार असे पाहणाऱ्याला वाटावे तो पोस्टच आल्यामुळे उतरत. सीट झिजत नाही, हा त्या पद्धतीचा लाभ ते स्वतःच सांगत. नोकरीतही त्यांनी कोणत्याही दरखास्तीवर पूर्वतयारी पुरी झाल्यावाचून सही केली नव्हती, आणि पूर्वतयारी पुरी होईतो पुष्कळ अर्जदार निजधामास गेले होते असे म्हणतात.

मात्र ज्यांच्या कॅरिअरवर काही ओझे आहे त्यांना टांग मारण्याची चैन परवडत नाही. तलाठ्याच्या कॅरिअरला दप्तर बांधलेले असते, दूधवाल्याच्या दोन्ही बाजूंना बरण्या लोंबत असतात, आणि गळिताच्या हंगामात उसाचे वाढे बांधून घरी निघालेल्या माणसाच्या पाठीमागे तर हिरव्या पात्यांचा एवढा विस्तार असतो की समोरून पाहिले तर मनुष्य दिसतो आणि मागून पाहिले तर शेत दिसते. अशांना पाय पुढून, नळीवरून घालावा लागतो. सायकल आपल्याकडे कलती करायची, उजवा गुडघा छातीशी घेऊन तो हँडल आणि सीट यांच्यामधून पलीकडे उतरवायचा, आणि मग ते सारे ओझे एका धक्क्यासरशी सरळ करून निघायचे: यात डौल नाही, पण सामर्थ्य आहे, आणि ते सामर्थ्य लोकांच्या ध्यानात येत नाही, कारण डौल नाही.

तिसरा पंथ ओटेवाल्यांचा. यांना धावती सायकल पकडणे मंजूर नसते. सायकल ओट्याशी, पायरीशी किंवा मैलाच्या दगडाशी आणून उभी करायची, स्थिर भूमीवर एक पाय ठेवून सीटवर यथासांग बसायचे, अंगरखा सारखा करायचा, आणि मग ओट्याला पायाने निरोप देऊन प्रयाण करायचे, अशी यांची राजस रीत. बारडोलीतील जुन्या घरांना चांगले उंच ओटे असल्यामुळे हा पंथ येथे फोफावला. त्यांतील निष्ठावंत लोक स्नेह जोडतात तोही ओट्याची उंची पाहूनच. बसायला सोफा आणि चढायला ओटा नसलेल्या नव्या सोसायट्यांतील बंगल्यांत ते सहसा जात नाहीत, आणि गेलेच तर निघताना यजमानाला खांदा द्यावा लागतो.

या सर्वांहून कठीण प्रकरण म्हणजे जोडप्याने चढण्याचे. पत्नीने आधी कॅरिअरवर बसायचे आणि पतीने ओझेवाल्यांप्रमाणे पाय पुढून घालायचा, ही एक पद्धत. ती सुरक्षित असली तरी निघताना सायकल अशी झोकांड्या खाते की संसाराविषयी दोघांच्याही मनात शंका उभी राहावी. दुसरी पद्धत अशी की पतीने टांग मारून निघायचे आणि पत्नीने मागून चार पावले भराभर टाकीत, एका हाताने पदर आणि दुसऱ्या हाताने सीटची मागची कड धरून, चालत्या सायकलवर बाजूने अलगद बसायचे. ही दुसरी पद्धत मी पहिल्यांदा नीट निरखून पाहिली ती साखर कारखान्याच्या रस्त्यावर. बाबेनचा हा सहकारी कारखाना १९५५ सालचा, आणि पाळी सुटल्याचा भोंगा वाजला की त्याच्या दारातून सायकलींचा लोंढा बाहेर पडत असे. त्यात एक मध्यमवयीन फिटर होता. त्याची पत्नी कडेला लिंबाखाली भाजीची टोपली घेऊन उभी असे. तो तिच्याजवळ थांबत नसे, तिच्याकडे पाहतही नसे, फक्त पायडल मारणे बंद करी. चाकाची टकटक ऐकताच ती टोपली कमरेवर घेऊन तीन पावले चाले आणि बसे. तिचा भार पडला की सीटच्या स्प्रिंगांचा एक बारीक आवाज होई, आणि तो ऐकून हा पुन्हा पायडल मारू लागे. एवढा सगळा व्यवहार एक शब्दही न बोलता होत असे. उतरताना क्रम उलटा: ती आधी उतरे, आणि ती उतरली हे त्याला सायकल हलकी झाल्यावरून कळे. एकदा तो त्याच तंद्रीत पुढे निघून गेला आणि ती बाजारात उभी राहून शांतपणे ‘अहो’ म्हणाली. नाव घेऊन हाक मारण्याची चाल नसल्यामुळे त्या हाकेसरशी रस्त्यावरचे तीन-चार नवरे पायउतार झाले.

आरोहणाच्या कलेला पाश्चात्त्य जगात केवढा मान होता याची कल्पना आज येणे कठीण आहे. पुढचे चाक पुरुषभर उंचीचे आणि मागचे चाक वीतभर, अशी ती जुनी पेनी-फार्दिंग सायकल होती तेव्हा पाठीच्या कण्यावर मागे एक छोटीशी पायरी ठोकलेली असे. मागून धावत येऊन तिच्यावर पाय ठेवायचा आणि सीटवर झेप घ्यायची. मार्क ट्वेनने ही विद्या शिक्षक ठेवून संपादन केली आणि तिच्यावर एक निबंधही लिहिला, तो त्याच्या मृत्यूनंतर छापला गेला. त्याने सांगितलेला अभ्यासक्रम मननीय आहे: आधी तोल, मग चालवणे, त्यानंतर चढणे, आणि सर्वांत शेवटी स्वेच्छेने उतरणे, कारण अनिच्छेने उतरणे तर विद्यार्थी पहिल्याच दिवशी शिकलेला असतो. १८८५ साली स्टार्ली या इंग्रज कारखानदाराने दोन्ही चाके जवळजवळ सारख्या उंचीची करून, चेनने मागचे चाक फिरवून ‘रोव्हर’ बाजारात आणली आणि चढण्यातील प्राणांतिक अंश संपुष्टात आला. पण जुनी सवय एकदम सुटते थोडीच? पुढेही पुष्कळ वर्षे मागच्या चाकाच्या आसाला डावीकडे एक खुंटी काढलेली असे, आणि जुने लोक तिच्यावर पाय ठेवून मागूनच चढत. तशा खुंटीची एक विलायती सायकल गावातल्या एका पारशी घराण्यात होती, आणि घरातले वृद्ध गृहस्थ डगला सावरून तिच्या पाठीमागून जे धावत ते पाहून तिऱ्हाईताला, कोणी यांची सायकल पळवून नेत आहे आणि हे तिचा पाठलाग करीत आहेत, असा भास होई.

पारशांचा विषय निघाला म्हणून सांगतो. १९२३ च्या ऑक्टोबरात मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलने पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले. त्यांतील अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे तिघे सुमारे ७१,००० किलोमीटरची मजल मारून १९२८ च्या मार्चमध्ये परतले. त्यांनी वाळवंटे ओलांडली, पर्वत ओलांडले, आणि त्या सगळ्याचे वर्णन करणारे पुस्तकही लिहिले. परंतु साडेचार वर्षांत रोज कितीदा चढावे आणि कितीदा उतरावे लागले असेल, हा हिशेब ठेवावासा कोणालाही वाटला नाही. जग प्रवासाची लांबी मोजते. ज्या गुडघ्यांनी ती लांबी सुरू केली आणि संपवली, त्यांना जमाखर्चात खाते नाही.

ते तिघे मुंबईत पोचले तेव्हा बारडोली मात्र निराळ्याच गडबडीत होती. १२ फेब्रुवारी १९२८ ला वल्लभभाईंच्या नेतृत्वाखाली सारा न भरण्याचा सत्याग्रह सुरू झालेला होता. तालुक्यावर सरकारने २२ टक्के वाढ बसवली होती. जमाबंदीच्या फेरतपासणीवर ज्या अधिकाऱ्याची नेमणूक झाली तो, सांगायला जरा संकोच वाटतो, मराठी आडनावाचा होता, आणि त्याने तर सुमारे ३० टक्के सुचवले होते. पुढे ब्रूमफील्ड आणि मॅक्सवेल या दोघा अंमलदारांनी गावोगाव जाऊन, खेडुतांना समोर बसवून चौकशी केली तेव्हा आधीच्या अहवालातील आकड्यांच्या मागे तशी खरीखुरी चौकशी नव्हतीच असे निष्पन्न झाले, आणि ती वाढ ६ टक्क्यांच्या आसपास खाली आली. घोडा असो, मोटार असो की सायकल असो, पायउतार न होता केलेल्या पाहणीची किंमत तालुक्याला टक्क्यांत मोजावी लागली. लोकांनीही त्याचे उट्टे त्याच मार्गाने काढले. जप्तीवाला येताना दिसला की ढोल वाजे, घरांची दारे बंद होत, म्हशी आत कोंडल्या जात. सरकारी मनुष्याला उतरायला ओटाच मिळेनासा झाला, आणि ज्याला उतरता येत नाही त्याला वसूलही करता येत नाही.

उतरण्यात आदर असतो. तो कोणाला किती द्यायचा याचे इकडचे दर अजूनही ठरलेले आहेत. शाळेतले मास्तर दिसले की पूर्ण पायउतार होऊन, सायकल हाताने धरून, ते दृष्टिआड होईपर्यंत चालायचे. वडिलांचे स्नेही दिसले की उतरायचे पण चालायचे नाही. बरोबरीचा दिसला की एक पाय जमिनीला टेकवून सीटवरच बसून राहायचे. आणि ज्याच्याशी आपले नुकतेच बांधाच्या कारणावरून वाजले आहे त्याच्याकरिता सीटवरून कंबर किंचित उचलायची, म्हणजे उतरल्याचा पुरावाही राहत नाही आणि न उतरल्याचा ठपकाही येत नाही. सासुरवाडीला जाणाऱ्याने गल्लीच्या तोंडाशीच उतरावे हे सर्वमान्य आहे. पण नवा जावई तेथून पुढे सायकल ज्या संथपणे ढकलीत जातो, तीवर नवा घासलेला मडगार्ड आणि हँडलचे झिरमिळ्यांचे गोंडे असल्यास जितका जास्त वेळ घेतो, त्यावरून त्यात विनय किती आणि प्रदर्शन किती हे सासू खिडकीतूनच ताडते.

या दरांतील एक दर मात्र जुलमाचा होता. वरच्या समजल्या जाणाऱ्या वस्तीतून जाताना दलितांनी सायकलवरून उतरून ती हाताने न्यावी, असा दंडक देशातल्या अनेक गावांत चालत आला, आणि तो न पाळणाऱ्यांनी मारही खाल्ला. याच तालुक्यात हाळी पद्धतीने धणियाम्याच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, दाराशी पिढ्यान्‌पिढ्या बांधले गेलेले दुबळे, ज्यांना पुढे हळपती म्हणू लागले, त्यांच्या पायांवर त्यांचा स्वतःचाच हक्क नव्हता, तेथे पायडलाची गोष्ट कशाला? तसल्या उतरण्याला मी आदर म्हणत नाही. तोही साराच होता, पायांनी भरायचा. आणि त्याची फेरतपासणी करायला कोणाला सवड झाली नाही.

उतरण्याच्या नाना तऱ्हांत माझ्या मते सर्वांत रमणीय ती, जीत सायकल थांबतच नाही. दुकान अजून दहा हातांवर असताना मनुष्य उजवा पाय मागून काढून डाव्या पायडलवर नुसता उभा राहतो, तसाच तरंगत पातऱ्याच्या, म्हणजे अळूवडीच्या, दुकानापर्यंत येतो, आणि सायकलची गती व आपली चाल यांची गाठ घालून अशा बेमालूमपणे जमिनीवर पाऊल ठेवतो की तो उतरला केव्हा आणि चालू लागला केव्हा, ही सीमारेषा सर्व्हे खात्यालाही आखता येऊ नये. याच्या उलट ब्रेक नसलेल्यांचे उतरणे: त्यांतले काही चपलेचा तळवा पुढच्या टायरवर घासतात, काही खांब पाहून ठेवतात, आणि काही ओळखीचा मनुष्य पाहून ठेवतात. पावसाळ्यात काळी माती मडगार्डात गच्च बसून चाक आपोआप थांबते, तेव्हा उतरण्याचा निर्णय मनुष्याकडे राहतच नाही.

निरोप घेणाऱ्याची तऱ्हा तर मी शब्दांत कशी सांगू? गुजराती मनुष्य ‘आवजो’ म्हणतो, डावा पाय पायडलवर ठेवतो, आणि येथपर्यंत तो खरोखरच निघालेला असतो. एक लंगडी घालतो आणि त्याला कापसाचा भाव आठवतो. सायकल तशीच मागे घेऊन भाव सांगतो, पुन्हा ‘आवजो’ म्हणतो, दोन लंगड्या घालतो, आणि मामाच्या मुलीच्या लग्नाची तारीख आठवते. आम्हां मराठी लोकांना याचे हसू येते; पण आमचा मनुष्य ‘येतो’ म्हणून सीटवर बसतो आणि ओट्याला पाय लावून तसाच अर्धा तास बोलत राहतो, ते या मानाने अधिक आळशीपणाचे. गुजराती निदान व्यायाम तरी करतो.

मुलांचा मार्ग या सगळ्याहून वेगळा, कारण त्यांना चढणे आणि उतरणे या दोन्ही क्रिया नळीच्या खालूनच आटपायच्या असतात. हंगाम सुरू झाला की धुळे-नंदुरबारकडून, डांगातून ऊसतोडीच्या टोळ्या इकडे येतात, फडाच्या कडेला त्यांची खोपटी उभी राहतात, आणि त्या वस्तीत कोणाची तरी मोठ्या माणसाची एखादी खिळखिळी सायकल असतेच. नऊ-दहा वर्षांचा पोरगा तिच्या त्रिकोणातून उजवा पाय पलीकडच्या पायडलवर घालतो, उजव्या काखेत सीट धरतो, आणि कैची मारीत, सायकल एकीकडे आणि आपण दुसरीकडे असे वाकडे होऊन, उसाच्या दोन फडांमधल्या गाडवाटेने निघतो. त्याला चढावे लागत नाही, कारण तो वर कधी जातच नाही. मागून धावणारी भावंडे अहिराणीत ओरडून त्याला सूचना देत असतात, आणि त्या सगळ्या एकमेकींविरुद्ध असतात. उतरण्याकरिता त्याला उसाची भिंत पुरते.

आता मोटारसायकली झाल्या, त्यांच्यावर चढताना कोणी लंगडी घालीत नाही. आणि गावातील सुखवस्तू वृद्धांना डॉक्टरांनी व्यायामाची सायकल लिहून दिल्यापासून तर अभ्यासाला एक नवेच दालन उघडले आहे. या यंत्राचे चाक जमिनीला लागत नाही, त्याला दिशा नाही, फाटक नाही. चढणे आणि उतरणे एवढाच काय तो खरा प्रवास त्यात शिल्लक राहिलेला आहे. आमच्या शेजारच्या बंगल्यात एक पाटीदार काका आहेत, त्यांच्या दिवाणखान्यात ती पोरांनी आणून ठेवली. काका रोज सकाळी धोतराचा सोगा खोचतात, मागे वळून कपाटाच्या बाजूने कोणी येत नाही ना ते पाहतात, डावा पाय पायडलवर ठेवून फरशीवर सवयीने एक लंगडी घालतात, यंत्र जागचे हलत नाही तेव्हा किंचित नाराज होतात, आणि टांग मारून बसतात. परवा मी समोर बसलेलो असताना त्यांचे वडील बंधू काठी टेकीत आत आले. काकांनी तत्काळ पायडल थांबवले, उजवा पाय मागून काढला, खाली उतरले आणि हँडल धरून अदबीने बाजूला उभे राहिले.

“बेस, बेस,” थोरले म्हणाले, आणि खुर्चीवर टेकून श्वास घेतल्यावर कुठवर जाऊन आलास म्हणून त्यांनी विचारले, “क्यां लगी जई आइवो?”

काकांनी कपाळाचा घाम पुसला.

“मढी लगी,” ते म्हणाले.